पाटीवरचा 'रास्त'

'शासनमान्य रास्त भाव दुकान.' गावात शिरलं की चावडी, देऊळ, शाळा यांच्या आसपास कुठंतरी ही पाटी दिसते. शहरात ती चाळीच्या तळमजल्यावर किंवा बोळाच्या तोंडाशी असते. तिच्यावर दुकानाचा क्रमांक असतो, परवानाधारकाचं नाव असतं, दुकान उघडण्याची वेळ असते. आपण मात्र त्याला 'रेशनचं दुकान' म्हणतो आणि तिथं जाताना 'रेशनला जाऊन येतो' म्हणतो. पाटीवरचा 'रास्त' हा शब्द सहसा कुणी मोठ्यानं वाचत नाही. तो तिथं कसा आला, त्याआधी कुठं नांदत होता आणि पाटीवर बसल्यावर त्याचं काय झालं, याचा माग काढत गेलो, तेव्हा मराठी माणसाच्या न्यायबुद्धीचा बराचसा इतिहास या एका शब्दाच्या आणि त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या पोटात सापडला.

माझी त्याच्याशी ओळख झाली ती आजीचं बोट धरून. साखर आल्याची बातमी गल्लीत फिरली की आजी कापडी पिशवी, कार्ड आणि सुटे पैसे घेऊन निघायची. रांग मोठी असायची. आपला नंबर आला की साखर मागायच्या आधी ती तागडी बघायची. "दोन्ही पारडी मोकळी कर, काटा मधे येऊ दे, मग घाल." पारडं उलटं करून त्याचं बूडही बघायची, कारण बुडाला चिंचेचा गोळा चिकटवायची युक्ती तिला ठाऊक होती. एकदा दुकानात गर्दी होती, तपासायचं राहून गेलं. घरी आल्यावर तिनं ती साखर आपल्या पितळी मापट्यानं मोजली. किलोला किती मापटी भरतात याचा तिचा हिशेब पक्का होता. साखर कमी भरली. ती तशीच परत गेली, रांगेतल्या सगळ्यांदेखत पिशवी पुढं ठेवली आणि एवढंच म्हणाली, "पुन्हा जोख." दुकानदारानं जोखलं, कमी होतं तेवढं मुकाट्यानं घातलं. परतताना ती मला म्हणाली, "आपण फुकट मागत नाही. रास्त ते मागतो." आजीला ती पाटी वाचता येत नव्हती. तो शब्द तिच्या तोंडी पाटीच्या आधीपासून होता.

'रास्त' मूळचा फारसी. त्या भाषेत त्याचा अर्थ सरळ, खरा आणि उजवा. संस्कृतातला 'ऋजु' आणि इंग्रजीतला 'राइट' हे त्याचे लांबचे भाऊबंद आहेत. तिघांच्या मुळाशी सरळ रेषेत नेण्याची कल्पना आहे. वाकडं नसलेलं ते बरोबर, ही समजूत या साऱ्या भाषांना एका घराण्यातून मिळाली. खळ्यावरच्या धान्याच्या राशीशी या शब्दाचं नातं असावं असं कानाला वाटतं, पण 'रास' संस्कृत 'राशि'मधून आली, 'रास्त' तिच्या शेजारी नंतर येऊन बसला. योगायोग सुंदर आहे, कारण पुढं आयुष्यभर 'रास्त'चा मुक्काम धान्याजवळच राहिला.

१३४७ साली दख्खनमध्ये बहमनी सत्ता उभी राहिली. मग आदिलशाही आणि निजामशाही आल्या. दप्तराची भाषा फारसी झाली आणि रयतेच्या रोजच्या गरजांचे शब्द तिकडून येऊ लागले. हक्क, दावा, तक्रार, फिर्याद, कायदा, वकील, जामीन हे सारे तेव्हाचे. या यादीत एक गोष्ट दिसते. गाऱ्हाणं मांडायला आणि दाद मागायला जे जे शब्द लागतात, त्यांतले बहुतेक सत्तेच्या भाषेतून आले आहेत. ज्याच्याकडे दाद मागायची त्याला कळेल असा शब्द वापरावा लागतो.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यकारभाराची भाषा आपली करायचं ठरवलं. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. अष्टप्रधानांत न्यायाधीश आले, आणि त्या जागेवर निराजी रावजी होते. वरच्या पातळीवर 'न्याय' हा शब्द असा रुजला. लोकांच्या तोंडचे 'रास्त' आणि 'वाजवी' मात्र हलले नाहीत. तोपर्यंत ते बाजारात आणि बांधावर इतके मुरले होते की ते परके आहेत हे सांगावं लागावं.

'वाजवी' हा 'रास्त'चा सख्खा सोबती, पण स्वभावानं वेगळा. अरबी 'वाजिब' म्हणजे जे देणं लागतं ते, चुकवता न येणारं. मराठीत येता येता त्यातली सक्ती विरली आणि परवडेल असं, पटेल असं, ही छटा उरली. म्हणून भाडं वाजवी असतं, किंमत वाजवी असते, खर्च अवाजवी होतो. मागणी मात्र रास्त असते, अपेक्षा रास्त असते, अभिमानही रास्त असतो. वाजवी ठरतं ते दोघांच्या घासाघिशीतून. रास्तपणाला तिसऱ्याची साक्ष लागते. घरमालक आणि भाडेकरू यांचं जमलं की भाडं वाजवी झालं, पण ते रास्त आहे की नाही हे शेजारीही सांगू शकतो.

या तिसऱ्याच्या साक्षीचा माग काढला की आपण 'निवाडा' या शब्दापाशी येतो. हा शब्द पूर्णपणे घरचा आहे. तो 'निवडणे'मधून आला. सुपात तांदूळ घ्यायचे, उजेडाकडे तोंड करून बसायचं, खडा वेगळा, भाताचं टरफल वेगळं, तांदूळ वेगळा. हेच काम भांडणाच्या बाबतीत केलं की निवाडा झाला. निवडताना दाणा हातात धरून बघावा लागतो, घाई चालत नाही आणि अंधारात तर ते होतच नाही. ज्या बाईनं किंवा बाप्यानं हा शब्द पहिल्यांदा कज्जाला लावला, त्याच्या मनात न्यायाचं चित्र तराजू धरलेल्या देवतेचं नव्हतं. ओसरीवर उजेडात बसून धान्य निवडणाऱ्या माणसाचं होतं.

मराठी अमदानीत हा निवाडा गोतसभेत व्हायचा. गोत म्हणजे गावचे वतनदार, बलुतेदार, रयत, आणि गरज पडली तर परगण्याचे देशमुख-देशपांडे. वतनाचा किंवा शेताच्या हद्दीचा वाद आला की दोन्ही बाजू आपापलं म्हणणं मांडत, साक्षी होत, आणि शेवटी 'महजर' लिहिला जाई. जुने महजर पाहिले तर खाली सह्यांच्या जागी चित्रं दिसतात. पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची दऊत-लेखणी, त्याखाली सुताराचं, चांभाराचं, न्हाव्याचं ज्याचं त्याचं हत्यार. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, पण आपण तिथं होतो आणि आपण ऐकलं, हे प्रत्येकानं आपल्या हत्यारानं नोंदवलं. जिंकणारा सरकारात 'हरकी' भरायचा, हरणारा 'गुन्हेगारी' भरायचा. साक्षीपुराव्यानं तिढा सुटला नाही तर दिव्य करावं लागे. उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायचा, हात पिशवीत बांधून मोहोर करायची, आणि ठरलेल्या दिवशी पिशवी सोडून हात पाहायचा. आज ते वाचताना अंगावर काटा येतो आणि ती रीत गेली हे उत्तमच झालं. तरी त्या क्रूर रीतीतही मोहोर सर्वांसमोर लागायची आणि सर्वांसमोरच तुटायची.

न्यायाधीशाच्या आसनावरून काय अपेक्षित होतं, याचा मराठी माणसाच्या मनातला दाखला एकच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. खुनाचा ठपका ज्यांच्यावर आला ते रघुनाथराव आता पेशवे होते. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे पुण्यात न्यायाधीश होते. त्यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून ते पुण्याबाहेर पडले. ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते, पण तिच्यात एक तपशील मोलाचा आहे. रामशास्त्र्यांच्या हातात शिक्षा अमलात आणायची ताकद नव्हती. त्यांच्या हातात होतं ते तोंडावर, उघड सांगणं. त्यांनी तेवढंच केलं आणि मराठीला 'रामशास्त्री बाणा' हा शब्दप्रयोग मिळाला.

इथंच थांबलो तर हा मागोवा खोटा होईल. गोतसभेच्या त्या वर्तुळात कोण कुठं बसत होतं, हेही विचारायला हवं. गावाच्या शिवेचा वाद निघाला की महाराचा शब्द प्रमाण मानत. पिढ्यान्‌पिढ्या शीव राखणारा तोच, म्हणून शीव कुठून जाते हे त्यानं चालून दाखवायचं आणि दोन्ही गावांनी ते मानायचं. ज्याच्या पावलांवर दोन गावांची हद्द ठरत होती, त्याच माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. त्याची साक्ष खरी होती, त्याची तहान खरी नव्हती. मराठी न्यायव्यवस्थेचं कौतुक करताना हे वाक्य गिळून टाकणं मला तरी जमत नाही.

भाषेनं मात्र याची नोंद ठेवली आहे. पक्षपाताला मराठीत जुना, नेमका शब्द आहे: 'पंक्तिप्रपंच'. एकाच पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं. यजमानाच्या जावयाच्या पानावर तुपाची धार आणि टोकाला बसलेल्याच्या पानावर दोन थेंब. जेवणाऱ्याला पोटभर मिळालं तरी शेजारच्या पानाकडे त्याची नजर जाते आणि घास कडू होतो. 'डावं-उजवं करणं' आणि 'दुजाभाव' हे त्याच घरातले शब्द. आजही निधीवाटपावरून विधानसभेत गोंधळ झाला की वर्तमानपत्रं 'पंक्तिप्रपंच' असाच मथळा देतात. दिल्लीच्या किंवा मुंबईच्या अर्थसंकल्पाला पंगतीचं माप लावणारी ही भाषा आहे, आणि ते माप अचूक आहे.

पंगतीत वेगळं वाढणं हा अन्याय असेल, तर पंगतीतच बसू न देणं याला काय म्हणावं? हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी आपल्या घरापासून सोडवला. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या असल्याचं सरकारी कागदावर आलं. कागदावरची समता पाण्यापर्यंत पोहोचायला आणखी चार वर्षं लागली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीनं पाणी घेतलं. त्यांच्यामागून हजारो जण उतरले. तळं नगरपालिकेचं होतं, ठराव झालेला होता, कायदा बाजूनं होता. उरलं होतं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी पिणं. पुढच्या वर्षी बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं, त्याचं नाव 'समता'.

आता पुन्हा आजीच्या तागडीकडे येऊ, कारण समता आणि रास्तपणा यांतला फरक तिथं सर्वांत स्वच्छ दिसतो. तागडीनं मराठीला दोन शब्दप्रयोग दिले. पहिला 'झुकतं माप'. भाजीवाली मावशी मेथीची जुडी किंवा वांगी जोखताना पारडं थोडं खाली जाऊ देते, वर चार मिरच्या टाकते. बाजारात हे झुकतं माप म्हणजे प्रेम. तेच वाक्य कचेरीत आलं की अर्थ उलटतो. अमक्याला झुकतं माप दिलं म्हणजे पक्षपात केला. स्वतःच्या टोपलीतून झुकतं माप देणं हा मोठेपणा, आणि सगळ्यांच्या कोठारातून देणं हा अन्याय, एवढा विवेक या एका शब्दप्रयोगात आहे.

दुसरा शब्द 'पासंग'. हाही फारसी. आज तो 'याच्या पासंगालाही पुरणार नाही' या वाक्यात तेवढा उरला आहे, आणि पासंग म्हणजे काय हे विचारलं तर तरुण पोरं गोंधळतात. जुन्या तागडीची दोन पारडी क्वचितच सारख्या वजनाची असायची. एक पारडं ठोकून ठोकून जड झालेलं, दुसऱ्याची साखळी झिजलेली. रिकामी तागडी उचलली की दांडी एका बाजूला कलायची. मग वर गेलेल्या पारड्याला खडा, खिळा किंवा दोऱ्यानं बांधलेला लोखंडाचा तुकडा लावून दांडी आडवी करायची. तो तुकडा म्हणजे पासंग. आजी "काटा मधे येऊ दे" म्हणायची ती याचसाठी. ज्या तागडीला पासंग नाही, तिच्यात दोन्हीकडे सारखं वजन घातलं तरी तोल चुकीचाच दिसणार.

२६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्याचा हुकूम काढला. त्याविरुद्ध तक्रार घेऊन आलेल्या एका वकिलांना महाराज घोड्यांच्या पागेत घेऊन गेले, ही गोष्ट कोल्हापुरात आजही सांगितली जाते. एरवी प्रत्येक घोड्याच्या तोंडाला त्याचा तोबरा असायचा. महाराजांनी सगळे हरभरे एका जाजमावर ओतायला सांगितले आणि घोडे मोकळे सोडायला लावले. दांडगे घोडे तुटून पडले, अशक्त आणि शिंगरं लाथांच्या भीतीनं बाजूला उभी राहिली. हरभरे सगळ्यांना खुले होते, सारखेच खुले होते. त्या जाजमाला पासंग नव्हता.

हे शहाणपण आपल्या अंगणातल्या पोरांना कुणी न शिकवता येतं. लगोरी किंवा लपाछपी सुरू व्हायच्या आधी चकतात, ज्याचा हात वेगळा तो सुटतो, शेवटी उरतो त्याच्यावर राज्य येतं. त्यात कुणाची वशिलेबाजी चालत नाही. आणि घोळक्यात धाकटं भावंड आलं असेल तर तो 'लिंबूटिंबू'. तो खेळेल, पळेल, पण आऊट झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. चार वर्षांच्या पोराला दहा वर्षांच्या पोराचा नियम लावणं कुणालाच रास्त वाटत नाही. आणि जो मोठा असून हरल्यावर नियम बदलू बघतो, त्याच्यासाठी शिक्का तयार असतो: रडीचा डाव. समान नियम, दुबळ्याला पासंग, दांडग्याला मुभा नाही. न्यायशास्त्राचे तीन धडे, अंगणात, दहा वर्षांच्या आत.

इंग्रजी अमलात निवाडा पारावरून कचेरीत गेला. दख्खनचे कमिशनर एल्फिन्स्टन यांनी १८१९च्या आपल्या अहवालात इथल्या पंचायतींचं सविस्तर वर्णन केलं, त्यांतली दिरंगाईही दाखवली आणि त्या टिकवाव्यात असंही म्हटलं. १८२७ साली मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र झाले. जिथं कायदा किंवा रूढी सापडत नाही तिथं न्याय, समता आणि सदसद्विवेक यांना धरून निकाल द्यावा, असं तत्त्व त्यांत आलं. तत्त्व थोर होतं. गोतसभेत ज्याला जागा नव्हती अशा माणसालाही कोर्टाची पायरी चढता येऊ लागली, हे त्याहून मोठं. पण निकाल आता वेगळ्या भाषेत, चार भिंतींच्या आत, वकिलाच्या तोंडून होऊ लागला. खेड्यातल्या अशिलाला आपल्या बाबतीत काय निवडलं गेलं आणि काय पाखडलं गेलं, हे दिसेनासं झालं.

'रास्त' पाटीवर चढला तो दुसऱ्या महायुद्धात. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद पडला, भाव भडकले आणि १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं. धान्य थोडं, तोंडं फार, अशा वेळी जो तो आपल्या ऐपतीनं घेऊ लागला तर जाजमावरच्या घोड्यांसारखीच गत होणार होती. म्हणून सरकारनं भाव बांधला, प्रत्येकाचा वाटा ठरवला. स्वातंत्र्यानंतर १९५५चा जीवनावश्यक वस्तू कायदा आला. १९५८पासून टप्प्याटप्प्यानं किलोग्रॅम आला आणि शेर, पायली, मापटं, चिपटं बाजारातून घरातल्या फडताळात गेली. १९७२च्या दुष्काळात याच दुकानांतून लाल मिलो ज्वारी घरोघरी गेली. ती खाल्लेली माणसं आजही तिची चव विसरलेली नाहीत, आणि ती नसती तर काय झालं असतं हेही विसरलेली नाहीत. १९९९मध्ये महाराष्ट्रात कार्डांचे तीन रंग झाले: वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्याला पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क झाला. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया किलो. जानेवारी २०२३पासून तेही मोफत आहे. भाव शून्य झाला, पाटीवरचा 'रास्त भाव' कायम राहिला. म्हणजे आता त्या शब्दाची सगळी भिस्त मापावर आहे.

खाणाऱ्याला रास्त भाव मिळावा म्हणून उभी राहिलेली ही व्यवस्था पिकवणाऱ्याच्या बाजूनं कशी दिसते? १९८०मध्ये चाकणला कांदा घेऊन शेतकरी रस्त्यावर बसले तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचा कार्यक्रम एककलमी होता: शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारलेला रास्त भाव. शब्द तोच, बाजू दुसरी. शहरातल्या ताटात जो भाव रास्त वाटतो, तो खळ्यावर शेतकऱ्याच्या तोट्यातून निघालेला असू शकतो, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. पुढं २००९ साली उसाच्या किमान भावाच्या जागी 'रास्त आणि किफायतशीर दर' आला. त्याला सगळे एफआरपी म्हणतात, पण त्यातलं पहिलं अक्षर 'रास्त'चंच आहे. २०२४-२५च्या हंगामासाठी हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता. ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असा नियम आहे. दर ठरतो दिल्लीत आणि छापून येतो. तरी दरवर्षी कोल्हापूर-सांगलीपासून मराठवाड्यापर्यंत ऊसपट्ट्यात एक शब्द धुमसत असतो: काटामारी. ट्रॅक्टर काट्यावर चढतो, आकडा आतल्या खोलीत पडतो, आणि शेतकऱ्याच्या मनात संशय राहतो. दर कितीही रास्त असू दे, वजन डोळ्यांसमोर झालं नाही तर रास्तपणा पूर्ण होत नाही. आजीनं साखरेच्या एका किलोसाठी जे मागितलं, तेच ऊसवाला शेतकरी टनांसाठी मागतो आहे.

आता घराघरात 'फेअर' हा शब्द आला आहे. तो शाळेच्या दप्तरातून आधी आला: रफ वही आणि फेअर वही. मग चेहऱ्याला लावायच्या क्रीमवरून आला, आणि त्यानं गोरेपणालाच चांगुलपणाचं नाव दिलं. इंग्रजीत हा शब्द आधी सुंदर, मग उजळ कांतीचा, आणि मग न्याय्य असा सरकत गेला. रंग आणि न्याय यांची ती गाठ आपल्या 'रास्त'मध्ये नाही, 'वाजवी'त नाही, 'निवाड्या'त नाही. आपले शब्द सरळ रेषेतून, देण्यातून, सुपातून, पंगतीतून आणि तागडीतून आले. नातवंडं "हे फेअर नाही" म्हणतात तेव्हा त्यांना रागवायचं कारण नाही, त्यांची भावना खरी आहे. फक्त जवळ बसवून त्यांना 'पंक्तिप्रपंच' सांगावा, 'पासंग' दाखवावा. आपल्यावर नेमका कोणता अन्याय झाला, हे त्यांना जास्त नेमकेपणानं सांगता येईल.

आजीची तागडी गेली. दुकानात आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे आणि अंगठा लावायचं यंत्र. अंगठा उमटला की किती धान्य तुमच्या नावावर गेलं ते यंत्रात चढतं, पावती निघते. यंत्रात चढलेला आकडा आणि पिशवीत पडलेलं धान्य यांत फरक असेल, तर तो ओळखायला पुन्हा माणसाचेच डोळे लागतात. कायद्यानं दुकानाच्या नोंदी लोकांना पाहायला खुल्या ठेवल्या आहेत, सामाजिक अंकेक्षण सांगितलं आहे, दक्षता समित्या नेमायला लावल्या आहेत. वैधमापन खात्याचा शिक्का काट्यावर असायलाच हवा. हे सगळं आपल्यासाठी आहे आणि वापरलं नाही तर गंजतं.

म्हणून ही विनंती. पुढच्या वेळी रास्त भाव दुकानात जाल, किंवा घरकाम करणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन, बांधकामावरचे मजूर यांच्यापैकी कुणी तिथं जात असतील, तर त्यांना एवढं सांगा: धान्य घालायच्या आधी काट्यावर शून्य आहे का ते बघा, माप समोर भरून घ्या, पावती मागून घ्या, आणि कमी भरलं तर रांगेतल्या सगळ्यांदेखत म्हणा, "पुन्हा जोख."